मुक्त विद्यापीठाची पदवी : लेबल आणि उगवण

बारावीचा निकाल आणि खरिपाची पेरणी आमच्याकडे एकाच सुमारास येतात. त्या दिवसांत आमच्या कचेरीत दोन प्रकारची माणसे येतात. एक सोयाबीनच्या पिशवीचे लेबल पुढे धरतो आणि विचारतो, "साहेब, हे उगवेल ना?" दुसरा मुलाची, मुलीची किंवा सुनेची गुणपत्रिका पुढे धरतो आणि विचारतो, "साहेब, घरी बसून पदवी घेतली तर नोकरीत कोणी विचारील का?"

तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी हजारदा दिले असेल. दुसरा प्रश्न पूर्वी वर्षाकाठी एखादा विचारायचा, आता आठवड्याला दोघे-तिघे विचारतात. हातात मोबाइल आला, त्यावर जाहिराती आल्या. "नोकरी करता करता पदवी", "शेती सांभाळून पदवी", "परीक्षा घरून" असे काय काय त्यात लिहिलेले असते. त्यातले खरे किती, खोटे किती, आणि खऱ्या पदवीलाही मालक किती किंमत देतो, हे शेतकऱ्याच्या घराने नीट समजून घ्यायला हवे. येथे पैसा जातोच, पण मुलांची दोन-तीन वर्षेही जातात, आणि ती वर्षे पुढच्या हंगामात भरून काढता येत नाहीत.

गंगापूर धरणाजवळचे विद्यापीठ

आपण नाशिककर या बाबतीत नशीबवान आहोत. महाराष्ट्राचे मुक्त विद्यापीठ आपल्याच दारात, गंगापूर धरणाजवळ गोवर्धन शिवारात उभे आहे. राज्य विधिमंडळाने १९८९ साली कायदा केला आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले. पहिले कुलगुरू होते प्रा. राम ताकवले. विद्यापीठाने घोषवाक्य घेतले, 'ज्ञानगंगा घरोघरी'. ज्यांचे नाव त्याला दिले ते यशवंतराव देवराष्ट्रे गावच्या एका साध्या शेतकरी घरातले. आईने कष्ट करून त्यांना शिकवले. १९६३ साली ते आपल्या नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते, हे जुन्या मंडळींना आठवत असेल.

मुक्त विद्यापीठ ही काही आपल्याकडचीच तऱ्हा नव्हे. इंग्लंडात असे विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले आणि १९७१ पासून तेथे शिकवणे सुरू झाले. गिरणी कामगार, घरकाम करणाऱ्या बाया, पोस्टमन अशांनी रेडिओ-टेलिव्हिजनवरचे पाठ ऐकून, टपालाने आलेली पुस्तके वाचून पदव्या घेतल्या. आपल्या देशात पहिले मुक्त विद्यापीठ हैदराबादला १९८२ साली निघाले, १९८५ साली दिल्लीचे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आले आणि त्यानंतर चार वर्षांनी आपले.

मी त्या काळात राहुरीला कृषी पदवीचा विद्यार्थी होतो. वसतिगृहात राहायचो, सकाळी प्रक्षेत्रावर आणि दुपारी वर्गात जायचो. आमच्यातले काहीजण या नव्या विद्यापीठाला हसायचे. "वर्ग नाही, फळा नाही, ही कसली पदवी?" असे म्हणायचे. तोच प्रश्न आजही मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलेल्या माणसाच्या मनात असतो. तो तोंडाने विचारत नाही, एवढेच.

सरकार काय म्हणते

आधी सरकारी नोकरीचे पाहू, कारण तेथे नियम लिहिलेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० साली मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणाचे विनियम काढले. त्यांतल्या बाविसाव्या विनियमाचा अर्थ असा की, मान्यता असलेल्या संस्थेने मान्य अभ्यासक्रमाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने दिलेली पदवी ही नेहमीच्या कॉलेजातल्या त्याच पदवीच्या बरोबरीची समजावी. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने हीच गोष्ट पुन्हा जाहीर करून सांगितली.

म्हणून ज्या जाहिरातीत 'मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणत्याही शाखेची पदवी' एवढेच मागितले आहे, तेथे मुक्त विद्यापीठाचा पदवीधर ताठ मानेने अर्ज करू शकतो. राज्यसेवेची परीक्षा, फौजदाराची परीक्षा, पूर्वीचा तलाठी म्हणजे आताचा ग्राम महसूल अधिकारी, बँकेतला कारकून, या साऱ्या वाटा त्याला मोकळ्या आहेत. सोलापूर जिल्ह्यात बार्शी तालुक्यातल्या महागावचे रमेश घोलप यांचे उदाहरण पाहा. आई बांगड्या विकायची. त्यांनी डी.एड. केले, शिक्षकाची नोकरी धरली, कला शाखेची पदवी मुक्त विद्यापीठातून घेतली आणि २०१२ साली ते भारतीय प्रशासकीय सेवेत निवडले गेले. पदवी मुक्तची आहे म्हणून त्यांना परीक्षेला कोणी अडवले नाही. अर्थात निवड झाली ती त्यांच्या अभ्यासाने, पदवीने फक्त दार उघडून दिले.

खाजगी मालकाचे गणित

खाजगी कंपनी, कारखाना, पतसंस्था, शेतकऱ्यांची कंपनी यांचे मात्र तसे नाही. आयोगाने पदवी बरोबरीची म्हटली तरी कोणाला घ्यायचे हे मालक ठरवतो. बरोबरीच्या पदवीचे चार उमेदवार असतील तर तो त्याला बरा वाटेल तो घेणार.

या गणिताचा एक प्रसंग मी जवळून पाहिला. दिंडोरी तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीला पॅकहाउसच्या नोंदी व हिशेब ठेवायला माणूस हवा होता. द्राक्षाचा निर्यातीचा माल, म्हणजे फवारणीच्या नोंदी, क्रेटचे वजन, पेट्यांचा आकडा, सगळे चोख पाहिजे. संचालकांनी मला बाहेरचा माणूस म्हणून मुलाखतीला बसवले. अर्ज आले होते तेवीस. अध्यक्षांनी त्यांचे आधीच दोन गठ्ठे केले होते. एक गठ्ठा समोर होता. दुसरा चहाच्या ट्रेखाली होता. मी विचारले, "हे कोणते?" ते म्हणाले, "ते मुक्तचे. वेळ राहिला तर पाहू."

यात त्यांचा दुष्टावा काही नव्हता. त्यांची भीती मला समजत होती. वर्गात बसला नाही तो शिकला की नाही हे कसे कळणार? स्वाध्याय स्वतः लिहिले की कोणाकडून लिहवून घेतले? चार जणांत मिसळून काम करायची सवय आहे का? या शंका खोट्या नाहीत. पण याच शंका रोज कॉलेजच्या नावाने घरातून निघून बसस्टँडवर दिवस काढणाऱ्या मुलाबद्दलही घेता येतात, आणि त्याचा अर्ज मात्र समोरच्या गठ्ठ्यात असतो.

मी म्हटले, "अध्यक्षसाहेब, आपण बियाणे घेतो तेव्हा लेबल पाहतो. प्रमाणित बियाण्याला निळे लेबल असते. पण पेरणीआधी पोत्यात शंभर दाणे गुंडाळून उगवण पाहतोच ना? लेबल आहे म्हणून कोणी तसेच पेरत नाही. इथे लेबल सगळ्यांकडे आहे. आता उगवण पाहू. सगळ्यांना एकच चाचणी द्या."

मागच्या हंगामातले तीन कागद काढले. पहिला होता चार प्लॉटच्या फवारणीच्या नोंदीचा. दुसरा, कोणते औषध मारल्यावर काढणीआधी किती दिवस थांबायचे, त्याचा. तिसरा, एका दिवसाच्या आवक-जावकीचा. प्रश्न दोनच होते. सोमवारी ५ फेब्रुवारीला कोणता प्लॉट काढता येईल? आणि त्या दिवसाचा हिशेब जुळतो का?

पहिल्या गठ्ठ्यातली बरीच मुले अक्षर सुंदर काढून कागद परत देत होती. चांगल्या कॉलेजातून चांगले गुण मिळवलेल्या एका मुलाने बेरीज बरोबर केली, पण काढणीच्या दिवसांचा मेळ त्याला लागला नाही. मग ट्रेखालचा गठ्ठा काढला. त्यातला पहिलाच मुलगा पहिल्या वर्गाचा बी.कॉम., पण व्हाउचर म्हणजे काय ते सांगता येईना. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ मला कळला. मी म्हटले, "पुढचा बोलवा."

पुढची आली ती जवळच्या गावची एक सून. दोन मुलांची आई. तिने कागद पाच-सात मिनिटे पाहिला. म्हणाली, "दुसरा प्लॉट सोमवारी काढता येणार नाही. संक्रांतीला, १४ तारखेला जे मारलंय त्याला तीस दिवस थांबावं लागतं. १३ फेब्रुवारीच्या आत कात्री लावता येणार नाही." मग हिशेबाच्या कागदावर बोट ठेवले. "ब्याण्णव क्रेट आले, वीस किलोनं अठराशे चाळीस किलो. पाच किलोच्या तीनशे तेवीस पेट्या म्हणजे सोळाशे पंधरा. दीडशे किलो बाद माल. मग पंचाहत्तर किलो कुठं गेले? झडलेले मणी आणि देठं वेगळी तोललीत का?"

ती तोललेली नव्हती. त्या दिवशी काम करणाऱ्याने तो आकडा लिहिलाच नव्हता आणि हे आम्हा कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

एका संचालकांनी विचारले, "कॉलेजात न जाता हिशेब कुठं शिकलात बाई?" ती म्हणाली, "पुस्तकात वाचला आणि घरात करून पाहिला. आमच्या दोन एकर बागेची फवारणीची वही पाच वर्षं मीच लिहिते. सोसायटीचं कर्ज, दुकानाची उधारी, मजुरांची हजेरी माझ्याकडेच असते. रविवारी अभ्यासकेंद्रात जायचे, बाकीचा अभ्यास रात्री मुलं झोपल्यावर."

निवड तिची झाली. पण गोष्ट तेथे संपली नाही. पगार ठरवताना एकजण म्हणाले, "मुक्तची आहे, दोन हजार कमी देऊ." तेव्हा मात्र मी जरा जोराने बोललो. पंचाहत्तर किलोची चूक तिने काढली, ती दोन हजार कमी घेऊन काढली असती तर कमी खरी ठरली असती का? माल मोजताना आपण अडत्याशी एका किलोसाठी भांडतो, आणि माणसाचे काम मोजताना मात्र लेबलाचा रंग पाहतो. शेवटी अध्यक्षांनीच तोडगा काढला. सहा महिने उमेदवारी, पण पगार पूर्ण. आज तीन हंगाम झाले, ती तेथेच आहे. तिचे नाव मी देत नाही, तिला त्याच गावात राहायचे आहे.

यातून मी एक गोष्ट शिकलो ती सांगतो. मालक पदवीकडे दोन नजरांनी पाहतो. पहिली नजर कागदावर असते. मान्यता आहे का आणि त्या हुद्द्याला चालते का, एवढे तो पाहतो. ही नजर ओलांडली की दुसरी नजर हातावर जाते. ती वर्षे या माणसाने कशी काढली, काय काम केले, काय करून दाखवू शकतो? कॉलेजातल्या मुलाला या दुसऱ्या प्रश्नावर "शिकत होतो" म्हणता येते. मुक्तच्या विद्यार्थ्याला तेवढ्यावर भागत नाही. पण ज्याने शिकता शिकता खरोखर काम केले, त्याचे उत्तर कॉलेजातल्या मुलापेक्षा वजनदार ठरते. शेतकऱ्याच्या घरात तर काम शोधायला बाहेर जावे लागत नाही. ते कागदावर मांडायचे मात्र राहून जाते.

लपवू नका, लिहा

काही मुले अर्जात पदवी लिहितात, पण ती दूरस्थ पद्धतीने घेतली हे लिहीत नाहीत. याचा उपयोग नाही. आयोगाच्या विनियमांनुसार पदवीपत्र व गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला शिक्षणाची पद्धत, प्रवेशाची व पूर्ण झाल्याची तारीख, अभ्यासकेंद्र व परीक्षाकेंद्र हे सारे छापायचे असते. कागद उलटा केला की सगळे दिसते. मग मालकाला वाटते, याने लपवले, म्हणजे आणखी काहीतरी लपवले असेल.

त्यापेक्षा उघड लिहावे. 'मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली. त्याच काळात घरच्या तीन एकर बागेच्या फवारणीच्या व खर्चाच्या नोंदी ठेवल्या.' 'दूध संस्थेत संध्याकाळचे संकलन व फॅट नोंदणी केली.' 'बचतगटाचे लेखे ठेवले, बँकेचे कर्ज वेळेवर फेडले.' अशा एका ओळीने मालकाची अर्धी शंका फिटते. सोबत ती वही न्यावी. बचतगटाच्या अध्यक्षांचे किंवा दूध संस्थेच्या सचिवांचे सहीशिक्क्याचे पत्र न्यावे.

जेथे हे चालत नाही

आता कडू भाग. सगळेच शिक्षण घरबसल्या होत नाही, आणि नियमानेही चालत नाही. वैद्यकी, परिचर्या, औषधनिर्माण, अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, वकिली या विषयांच्या पदव्या दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने देण्यास आयोगाची मनाई आहे. आणि त्याच यादीत आपल्या घरांना जवळचे दोन विषय आहेत, कृषी आणि उद्यानविद्या. आपल्या मुक्त विद्यापीठाने पूर्वी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी फळबाग, भाजीपाला अशा विषयांचे अभ्यासक्रम चालवले, त्यांतून पुष्कळ जण शहाणे झाले. ज्यांनी मान्यता असताना शिक्षण घेतले त्यांची गोष्ट वेगळी. पण आज कोणी मोबाइलवर "घरबसल्या बी.एस्सी. ऍग्री" असे सांगत असेल तर पैसे देण्याआधी शंभर वेळा विचारा.

माझ्या माहितीतल्या येवला भागातल्या एका घरात हे घडले. कांद्याला चांगला भाव लागला त्या साली हाती आलेल्या पैशातून बापाने तालुक्याच्या गावातल्या एका दलालाला पंच्याऐंशी हजार मोजले. मुलाला दूरच्या राज्यातली कृषी पदवी मिळाली. तो तेथे एकदाही गेला नव्हता. मुलगा हुशार, शेतीखात्यातल्या भरतीची लेखी परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाला. कागदपत्रांच्या तपासणीत टेबलावरच्या माणसाने पदवी पाहिली, यादी पाहिली आणि कागद परत दिला. बाप माझ्याकडे आला तेव्हा त्याने पैशाचे नाव काढले नाही. एवढेच म्हणाला, "साहेब, पोरगं आता अभ्यासाला बसत नाही." पंच्याऐंशी हजारांपेक्षा ते नुकसान मोठे होते.

असा फटका शिकल्यासवरल्या माणसांनाही बसलेला आहे. काही अभिमत विद्यापीठांनी तंत्रशिक्षण परिषदेची परवानगी न घेता टपालाने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. ओडिशातल्या पाटबंधारे महामंडळातल्या एका वादातून ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी न्यायालयाने निकाल दिला. २००१ ते २००५ या वर्षांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित केल्या आणि परिषदेची परीक्षा देऊन त्या टिकवण्याची संधी दिली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द ठरवल्या. नोकरीत बढती मिळालेल्या माणसांची ही गत, तर नुकत्या अर्ज करणाऱ्याची काय कथा.

आणखी एक सूचना. पायऱ्या गाळू नका. बारावी नसलेल्यांसाठी मुक्त विद्यापीठाने पूर्वतयारी शिक्षणक्रमाची वाट ठेवली आणि ज्यांची शाळा मध्येच सुटली अशा कितीतरी बायाबापड्यांना तिचा आधार झाला. पण ती वाट पदवीच्या प्रवेशाची आहे, ती म्हणजे बारावीचे प्रमाणपत्र नव्हे. ज्या जाहिरातीत बारावीची अट वेगळी लिहिलेली असते तेथे अडचण येऊ शकते. म्हणून ज्याला जमेल त्याने बारावी बाहेरून देऊन टाकावी. तसेच, पहिली पदवी न घेता थेट एम.ए.ला बसवणाऱ्यांच्या नादी लागू नये. अशी पदवी सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली एका प्रकरणात मान्य केली नाही.

दुकानाच्या परवान्यासाठी

नोकरी म्हणजेच सर्व काही नव्हे. आपल्याकडची पुष्कळ मुले खते-औषधांचे दुकान टाकू पाहतात किंवा वडिलांचे दुकान चालवतात. २०१५ पासून या धंद्याच्या परवान्याला शिक्षणाची अट लागली आहे. येथे मालक म्हणजे परवाना देणारे सरकार. अशांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्थेने, म्हणजे 'मॅनेज'ने, २००३ साली 'देसी' नावाची एक वर्षाची पदविका काढली. तीही कॉलेजसारखी नाही. अठ्ठेचाळीस आठवडे, आठवड्यातून एक दिवस, रविवारी किंवा बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी. त्यात चाळीस दिवस वर्ग आणि आठ दिवस शिवारफेरी. दुकान बंद न ठेवता दुकानदार शिकतो. या वर्गातून बाहेर पडलेला दुकानदार करपा आणि भुरी यांतला फरक ओळखतो आणि नको ते औषध गळ्यात मारत नाही. आपण गिऱ्हाईक म्हणून याची किंमत ओळखली पाहिजे. अभ्यास थोडा, पण धंद्याला नेमका लागू. शिक्षण नेहमीच्या चाकोरीबाहेरचे असले तरी कामाचे असू शकते, हे यावरून दिसते.

प्रवेश घेण्याआधी एवढे पाहा

पहिले, विद्यापीठ संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या कायद्याने झालेले आहे का, अथवा केंद्राने त्याला अभिमत दर्जा दिला आहे का? पाटीवर 'विद्यापीठ' लिहिले म्हणून कोणी विद्यापीठ होत नाही. आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो. त्या यादीत आपल्या राज्यातल्या नागपूरचेही एक नाव वर्षानुवर्षे आहे.

दुसरे, विद्यापीठ खरे असले तरी तोच अभ्यासक्रम, त्याच वर्षी, त्याच पद्धतीने चालवायला मान्यता आहे का? आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर ही यादी असते. गावातल्या सेवा केंद्रात जाऊन ती उघडून पाहावी आणि त्या दिवशीची प्रत काढून जपून ठेवावी.

तिसरे, राज्याच्या मुक्त विद्यापीठाला दूरस्थ शिक्षण आपल्या राज्याच्या हद्दीतच देता येते. दुसऱ्या राज्याच्या मुक्त विद्यापीठाचे 'केंद्र' कोणी तुमच्या तालुक्यात थाटले असेल तर सावध व्हा.

चौथे, २०२४ पासून अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्याला आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतःचा ओळखक्रमांक, म्हणजे डीईबी आयडी, काढावा लागतो. तो स्वतः काढावा, दलालाच्या मोबाइलवरून काढू नये. फी थेट विद्यापीठाकडे भरावी आणि पावती घ्यावी. "आम्ही परीक्षेचे बघतो" असे जो म्हणतो त्याच्या दारात दुसऱ्यांदा जाऊ नये.

पाचवे, आणि हे लोक उलटे करतात, आधी हुद्दा पाहावा, मग पदवी ठरवावी. ज्या नोकरीची इच्छा आहे तिच्या मागच्या दोन-तीन जाहिराती काढून पात्रतेची ओळ वाचावी. जमीन पाहून पीक ठरवतो तसे.

घरातल्या माणसांना

शेवटी चार शब्द सासू-सासऱ्यांना आणि आईबापांना. ज्याला बाहेर पाठवण्याची ऐपत आहे आणि ज्याचे वय आहे, त्या मुलाला-मुलीला जरूर कॉलेजात पाठवा. प्रयोगशाळा, वाचनालय, सोबती यांची जागा मोबाइल घेऊ शकत नाही. मुक्त विद्यापीठ हे कॉलेजची फी वाचवण्याचे साधन समजू नये. मुलीला घराबाहेर न पाठवण्याची सबब म्हणून तर मुळीच वापरू नये.

पण ज्यांचे दार एकदा बंद झाले त्यांच्यासाठी ते आहे. बाप अकाली गेला म्हणून नांगर धरावा लागलेला थोरला मुलगा, सतराव्या-अठराव्या वर्षी लग्न होऊन आलेली सून, सैन्यातून परत आलेला जवान, पस्तिशीत आलेली आशाताई. यांच्यापैकी कोणी पुस्तक उघडले तर घराने त्यांना आठवड्याचा एक रविवार आणि रात्रीचे दोन तास द्यावेत. त्या दोन तासांत चुलीवरचे काम, गुरांचे पाणी दुसऱ्या कोणी पाहावे. दिंडोरीची ती सून परीक्षेला जायची तेव्हा तिचा सासरा सकाळी गोठा आवरायचा आणि सासू नातवंडांना घेऊन बसायची. मुलाखतीत तिला हे कोणी विचारले नाही आणि तिच्या पदवीपत्रावरही कोठे लिहिलेले नाही. पण तिच्या पदवीला खरे बळ त्या गोठ्यातून आले होते, असे मी मानतो.

आणि जे शेतकरी आता कंपन्यांचे, सोसायट्यांचे, पतसंस्थांचे संचालक झाले आहेत, त्यांना एक विनंती. नोकरी देणारे म्हणून तुम्ही पहिल्यांदाच टेबलाच्या त्या बाजूला बसला आहात. अर्ज आले की कागदाची मान्यता कसून तपासा, त्यात कोणाची गय करू नका. ती एकदा ठरली की सगळ्यांना एकाच चाचणीला बसवा. आणि जो पास होईल त्याला कामाचा पूर्ण मोबदला द्या.